चार बोटं माया

तिचं खरं नाव विचारलंत तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर डोकं खाजवावं लागेल. सगळी गल्ली तिला मायाआत्या म्हणते. नवख्या माणसाला वाटतं, बाई मोठी प्रेमळ असणार. हा गैरसमज दुकानाच्या पायरीपर्यंत टिकतो. आत पाऊल टाकलं की कानावर येतं, "चपला बाहेर काढ. आणि माप घेताना पोट आत ओढू नकोस, मी फोटो काढत नाहीये."

नाव पडलं ते कापडावरून. ज्यांनी उभ्या आयुष्यात शर्टाचं बटणसुद्धा लावलेलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगायला हवं, की शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून ते दिसत नाही, घालणाऱ्याला टोचत नाही. पण उद्या अंग भरलं, उंची वाढली, की शिलाई उसवायची, आतली माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. बाकीचे शिंपी बोटभर माया ठेवतात. तयार कपडेवाले तेवढीही ठेवत नाहीत. मायाआत्याकडे मुलीचा शाळेचा स्कर्ट शिवायला आला, की ती खालच्या दुमडीत चार बोटं माया ठेवते आणि वर म्हणते, "कमी झाली का गं?"

मुलांच्या पँटला मात्र बोटभरच. एकदा एका बाईनं तक्रार केली, माझ्या मुलानं काय पाप केलंय. मायाआत्या मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "मुलाची पँट आखूड झाली की घरचे नवी पँट घेतात. मुलीचा स्कर्ट आखूड झाला की घरचे शाळा बंद करतात. तू वेगळी असशील तर मला माफ कर."

बाई वेगळी होती की नव्हती ते तिचं तिला माहीत.

हे शहाणपण मायाआत्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगावरून गेलं होतं. सातवी पास झाली त्या उन्हाळ्यात ती अशी ताडमाड वाढली, की आरशात गुडघेच आधी दिसायचे. आई तिला आणि तिच्या स्कर्टला घेऊन शिंप्याकडे गेली. शिंप्यानं स्कर्टचा घेर उलटा केला, अंगठ्यानं शिलाई चाचपली आणि स्कर्ट परत आईच्या हातात दिला. "याला मायाच नाही, बाई. सोडू काय?"

घरी फार काही झालं नाही, आणि तेच वाईट झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी रागावलं नाही. वडील केस विंचरत होते. विंचरता विंचरताच म्हणाले, "शिकली की सातवीपर्यंत. आता आईला हाताशी होईल." संपला विषय. दुसऱ्या आठवड्यात भावाला नवी पँट आली. पोरगी मागच्या दारात बसून भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे बोटानं गिरवत राहिली. नकाशे काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. आजही ती कापडावर खडूनं रेघ मारते तेव्हा वाटतं, एखाद्या देशाचा किनारा काढतेय.

"चार बोटांनी माझी शाळा हुकली," असं ती म्हणते. रडून नाही, हिशोबाची चूक सांगावी तशी म्हणते.

पुढे ती काम शिकायला गेली ती नेमकी त्याच शिंप्याकडे. पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, माझ्या स्कर्टला माया का नव्हती ठेवली?" शिंपी बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "अगं, कपडा आखूड झाला तरच लोक पुन्हा येतात. माया ठेवून मी काय माशा मारू?" त्याचंही खोटं नव्हतं. पण मायाआत्यानं त्याच दिवशी मनाशी गाठ मारली, की आपण माशा मारायच्या.

तिचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तिरपी खोली. उंच गिऱ्हाइकानं दारातच उभं राहावं, पुढे गेला तर कपाळमोक्ष ठरलेला. एक पायमशीन, एक कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले रिळांचे झुपके, आणि वर लाकडी माळा. माळ्यावर तिचा नवरा झोपतो. तो एका गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी आहे, त्यामुळे त्याची रात्र दिवसा होते. मशीनचा खडखडाट चालू असला की तो घोडे विकून झोपतो, मशीन थांबली की दचकून उठतो आणि वरून विचारतो, "काय झालं?" लोकांना आवाजानं जाग येते, याला शांततेनं. पहिली मशीन त्यानंच आणून दिली होती, लग्नानंतर, जुन्या बाजारातून खांद्यावर घालून. मायाआत्या त्याला दिवसातून दहा वेळा आळशी म्हणते, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याचं तोंड बघत नाही.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे दुकानात नुसती झुंबड. वाढलेल्या मुली आपापले स्कर्ट घेऊन रांगेत उभ्या. उसवायचे पैसे ती घेत नाही. त्याऐवजी जिचा स्कर्ट हातात असेल तिनं समोरच्या स्टुलावर बसून गेल्या वर्षी शाळेत काय काय शिकली ते सांगायचं. दुमड उसवून, सोडून, नवी शिलाई घालून होईपर्यंत तोंड चालू राहिलं पाहिजे. थांबली की आत्याचा हात थांबतो. अशा तऱ्हेनं मायाआत्या मशीनवर बसल्या बसल्या फुकटात दहावीपर्यंत शिकली. त्यात थोड्या फटी राहिल्या आहेत, हे मान्य करायला हवं. तिला एका खंडातल्या सगळ्या नद्या पाठ आहेत, पण डोंगर एकही नाही. डोंगरांचा धडा झाला त्या वर्षी सांगणारी मुलगी वाढलीच नव्हती.

शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा निरोप धाडला, की तुमच्या स्कर्टांच्या घेरात इतकं कापड असतं की मुली घंटेसारख्या हलत येतात. मायाआत्यानं उलट निरोप धाडला, "घंटा वाजते म्हणजे शाळा भरतेय. तुमचं काम होतंय ना?" मोठ्या बाई हसल्या असाव्यात, कारण पुन्हा निरोप आला नाही.

दुकानाला लागून इस्त्रीवाल्याची टपरी. इस्त्रीवाला वयानं तिच्याहून थोडा लहान, तिला ताई म्हणणारा, आणि भांडायला कायम तयार. कामात मात्र त्याच्यासारखा माणूस नाही. त्याच्या हातून सुरकुतलेला कपडा बाहेर पडला तर त्या रात्री त्याला अन्न गोड लागत नाही. त्याला एकच मुलगी, आणि तिच्या तोंडाला टाळं म्हणून नाही. गल्लीनं तिचं नाव टकळी ठेवलं होतं. इस्त्रीवाला दिवसभर इस्त्री कमी आणि "अगं, जरा तोंड मिट" हे जास्त करायचा.

टकळी सातवी पास झाली आणि इस्त्रीवाल्यानं गाडी थेट त्याच रुळावर नेली. संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत, निखारे घालता घालता म्हणाला, "पुढच्या वर्षापासून पोरगी माझ्यासोबत उभी राहील. दोन हात वाढले की काम दुप्पट निघेल. शिकून तरी काय दिवे लावणार आहे?"

शेजारच्या मशीनचा खडखडाट थांबला. माळ्यावरून आवाज आला, "काय झालं?"

"काही नाही, झोपा," म्हणून मायाआत्या बाहेर आली. "काय म्हणालास?"

"म्हटलं, पोरगी घरी राहील."

"आणि मी गेल्याच महिन्यात शिवलेला नवा कोरा स्कर्ट? तो काय पडद्याला लावणार?"

इस्त्रीवाल्याची कुचंबणा झाली, कारण वस्तू वाया घालवणं त्याला अजिबात खपत नाही. समोरच्या पारावर बूट दुरुस्त करणारे काका, दोन-तीन गिऱ्हाइकं, सगळे कान देऊन ऐकत होते. चार लोकांत माघार घ्यायची तर माणसाचं नाक कापलं जातं. म्हणून तो ऐटीत म्हणाला, "बरं. तो स्कर्ट अंगाला होतोय तोवर जाऊ दे शाळेत. नवा मात्र शिवायचा नाही, जोड लावायचा नाही. त्यातली तुझी माया संपली की हिची शाळा संपली. काका, तुम्ही साक्षीला."

बूटवाल्या काकांच्या तोंडात कायम खिळे असतात, त्यामुळे त्यांचा निकाल मानेनं येतो. त्यांनी मान डोलावली.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. इस्त्रीवाल्याचा अंदाज होता, स्कर्ट म्हणजे वर्षभराचं काम. पोरगी झरझर वाढतेय, पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागेल, आणि शब्द पाळल्याचं श्रेयही पदरात पडेल. त्याला काय ठाऊक, की टकळीचं लक्षण बघून मायाआत्यानं त्या स्कर्टात चार बोटं नाही, चांगली वीतभर माया भरली होती. ती दुकानात जाऊन मशीनवर बसली आणि एकटीच हसायला लागली.

पहिला उन्हाळा आला. टकळी चार बोटं वाढली. इस्त्रीवाला स्वतः आला, गिऱ्हाइकाचा सूट तपासावा तसा त्यानं स्कर्टचा घेर उलटा केला. आतलं कापड बघून त्याचा चेहरा असा झाला, की बूटवाल्या काकांना खिळे काढून ठेवावे लागले. "ताई, हा स्कर्ट आहे की तंबू?"

"मोज आणि घरी जा," मायाआत्या म्हणाली.

दुमड सोडली. पण जुन्या दुमडीची फिकट रेघ स्कर्टवर आडवी राहिली. शाळेत मुली टकळीला रेघ आखायचा रूळ म्हणायला लागल्या. ती हसून घरी सांगत होती, पण इस्त्रीवाल्याचं डोकं तापलं. माझ्या घरच्या कपड्यावर रेघ? लोक काय म्हणतील, याला स्वतःच्या पोरीचा स्कर्ट इस्त्री करता येत नाही? त्यानं व्हिनेगरच्या पाण्यात फडकं भिजवलं, रेघेवर टाकलं, आणि इस्त्रीचं सगळं वजन देऊन तिला नाहीशी केली. आपण कुणाच्या बाजूनं काम करतोय हे त्याच्या ध्यानात आलंच नाही.

टकळी त्याच्याशेजारी उभी राहून त्याच वेळी सांगत होती, की सुती धाग्याला वाफ मिळाली की तो आतून सैल होतो, मग त्याला वळवू तसा वळतो, गार झाला की तसाच राहतो. म्हणून आधी पाणी, मग उष्णता, मग वजन. इस्त्रीवाला हे बापाच्या वेळेपासून करत आला होता, पण का होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. "तोंड मिट," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "म्हणजे लोकरीचंही असंच का?"

मग टकळीची टकळी जी चालू झाली ती दुकान बंद होईपर्यंत.

नववीच्या दिवाळीत बाजूच्या शिलाया सुटल्या आणि दुमडीतलं उरलेलं कापड खाली आलं. दुसऱ्या उन्हाळ्यात, दहावीच्या तोंडावर, इस्त्रीवाल्यानं घेर तपासला आणि त्याला वाटलं, लागला निकाल. दुमडीत जेमतेम नखभर कापड. मायाआत्यानं शांतपणे स्कर्टच्या खिशांत दोन्ही हात घातले आणि खिसे बाहेर ओढले. खिसे कसले, थैल्याच. कोपरापर्यंत हात जाईल एवढे खोल, आणि स्कर्टच्याच कापडाचे.

"खिशाला अस्तराचं कापड लावतात," इस्त्रीवाला म्हणाला.

"मी नाही लावत."

खिसे उसवून त्यांची रुंद पट्टी झाली, ती कमरेला बसली, वरून ब्लाऊज आल्यावर कुणाला दिसणार? इस्त्रीवाला बूटवाल्या काकांकडे वळला. हा जोड झाला, हे चालायचं नाही. काकांनी बराच विचार केला. खिळे तळहातावर काढले आणि प्रथमच तोंडानं निकाल दिला, "कापड पहिल्या दिवसापासून स्कर्टात होतं. जोड बाहेरून येतो. ही माया."

सगळी गल्ली हसली. इस्त्रीवालाही हसला, पण तो शब्दाचा पक्का माणूस, आणि मनातला बेत त्यानं सोडला नव्हता. मायाआत्याला ते दिसत होतं. ती रोज मनातल्या मनात म्हणायची, पोरी, परीक्षेपर्यंत वाढू नकोस गं.

कुणी सांगून वाढायचं थांबतं का? परीक्षेला थोडे महिने राहिले असताना टकळीनं पुन्हा उंची घेतली. शाळेतून निरोप आला, स्कर्ट गुडघ्याच्या वर गेलाय, नीट करून पाठवा. टकळीनं तो निरोप लपवला नाही. सरळ वडिलांच्या हातात दिला. इस्त्रीवाला स्कर्ट घेऊन मायाआत्याकडे आला. दोघांनी मिळून घेर उलटा केला. आत काही नव्हतं. कडेला नुसता दोरा.

मशीन थांबलेली होती. वरून नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" आणि मायाआत्यानं त्याला झोपा म्हटलं नाही.

इस्त्रीवाला म्हणाला, "संपली, ताई." जिंकलेला माणूस असा बोलत नाही. पण बोलला.

मायाआत्यानं कडेची शिलाई अंगठ्यानं पुन्हा एकदा चाचपली. तिला समोर आईच्या हातातला तो स्कर्ट दिसला. तोच अंगठा, तीच शिलाई. इतकी वर्षं शेकडो स्कर्ट शिवले, वीतभर माया ठेवली, खिशात लपवली, आणि गोष्ट शेवटी येऊन थांबली ती त्याच चार बोटांवर. तिला स्वतःचाच इतका राग आला की हातातला खडू मोडला.

त्याच दुपारी तिनं नवं कापड काढलं आणि न विचारता नवा स्कर्ट शिवायला घेतला. टकळी आली, तिनं तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. "आत्या, नको. बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता आणि तीन वर्षं पाळला. त्यांना माझी शाळा नको होती, तरी पाळला. मी आता शब्द मोडून गेले, तर शिकून काय शिकले?"

"मोठी आली शब्दाची," मायाआत्या करवादली, आणि पदर डोळ्यांना लावून आतल्या बाजूला वळली.

टकळी दुसऱ्या दिवसापासून टपरीवर उभी राहिली. काम चोख करत होती. घडी नीट, कॉलर ताठ. फक्त बोलत नव्हती. रुसून नाही, कुणाला धडा शिकवायचा म्हणूनही नाही. सांगायलाच काही उरलं नव्हतं. रोज नवीन काहीतरी कानावर पडायचं ते बंद झालं होतं, मग ती बोलणार काय?

इस्त्रीवाल्याला वाटलं, होईल सवय. आयुष्यभर ज्या शांततेसाठी जीव टाकला ती आयती मिळाली, आता मजेत काम करू. पहिल्या दिवशी त्याला इस्त्रीचा चटका बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं एका वकिलाच्या कोटाची उलटी घडी घातली. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून विषय काढला, लोकरीला म्हणे फार उष्णता चालत नाही, का गं? टकळी म्हणाली, "हो." एवढंच. पूर्वी या प्रश्नावर तिनं मेंढीपासून सुरुवात केली असती.

घरी बायकोनं ताट वाढता वाढता त्याला एवढंच म्हटलं, "आता खूश ना? तोंड मिटायला सांगत होता. मिटलं तिनं." इस्त्रीवाला अर्ध्या जेवणावरून उठला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मायाआत्या दुकान झाडत होती. इस्त्रीवाला आला. चपला न सांगता बाहेर काढल्या. काखेतून टकळीचा स्कर्ट काढला, टेबलावर पसरला, आणि भिंतीवरच्या रिळांकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी घाईत बघितलं, ताई. नीट बघ. एक बोट शिल्लक आहे अजून."

मायाआत्यानं स्कर्ट हातात घेतला. घेर उलटा केला. आत तेव्हाही काही नव्हतं, आताही काही नव्हतं. स्वतः उसवलेला कपडा ती आंधळी झाली तरी ओळखेल. पण तिनं टेप लावली, आणि स्कर्ट खरंच चांगला बोटभर लांब भरला.

मग तिनं कापड उजेडात धरलं. धागे जरा ताणलेले. चुण्यांच्या कडा अगदी किंचित तिरप्या. तीन वर्षं धुऊन धुऊन आटलेलं सुती कापड, ओलं करून, वाफ देऊन, इस्त्रीचं वजन टाकून, एका हातानं दाबून दुसऱ्या हातानं धीरानं ओढलं, की आटलेलं पुन्हा थोडं बाहेर येतं. हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. घाई केली तर कापड फाटतं. इस्त्रीवाल्याच्या दोन्ही तळहातांवर वाफेनं लाल चट्टे उठले होते, आणि तो ते पाठीमागे धरून उभा होता.

मायाआत्याच्या जिभेवर इतक्या गोष्टी आल्या. तीन वर्षांची सगळी भांडणं, सगळे टोमणे, एकेक काढून त्याच्या पदरात घालायची हीच वेळ होती. पण ती म्हणाली, "हो रे. माझ्याच नजरेतून सुटलं होतं."

"होतं असं," इस्त्रीवाला म्हणाला. "एवढं बारीक काम, एखादं बोट राहून जातं."

बाहेर बूटवाल्या काकांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी मान डोलावली.

टकळी स्कर्ट घालून पायरीवर आली. गुडघा झाकला होता, अगदी काठोकाठ. तिनं खाली बघितलं, वडिलांच्या पाठीमागच्या हातांकडे बघितलं, आणि आत्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, सुती धागा वाफेत सैल होतो. मीच सांगितलं होतं बाबांना."

"तू तोंड मिट आणि शाळेत पळ."

तिनं दोन्हींतलं एकच ऐकलं. गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज येत होता. जो भेटेल त्याला काहीतरी सांगत निघाली होती. इस्त्रीवाला टपरीवर निखारे फुंकत ऐकत होता, आणि आवाज येईनासा झाल्यावर कामाला लागला.

परीक्षा झाली. टकळी अशा गुणांनी पास झाली की मोठ्या बाई स्वतः गल्लीत आल्या आणि जिन्याखालच्या खोलीत शिरताना त्यांचं कपाळ आपटलं. इस्त्रीवाला गिऱ्हाइकांनी न विचारताच निकाल सांगायचा, चुरगाळलेला शर्ट घ्यायला हात पुढे करतानाच सांगायचा. पुढे काय, हा प्रश्न कुणी त्याला विचारला नाही, कारण सगळ्यांना भीती होती. करार स्कर्टाचा होता, आणि स्कर्टाचं काम आता झालं होतं. मायाआत्या तर त्याच्या टपरीकडे बघायचंच टाळत होती. हातात काम घ्यायची, सोडायची. माळ्यावरचा नवरा त्या आठवड्यात धड झोपला नाही.

एक दिवस भर दुपारी इस्त्रीवाला आला. मागे टकळी, तोंड चालू. बॉयलरमध्ये वाफ किती दाबाखाली असते आणि झडप का लागते, हे ती रस्त्यापासून सांगत आली होती आणि वाक्य अजून संपलं नव्हतं. इस्त्रीवाल्यानं काखेतला गठ्ठा टेबलावर टाकला. जाड निळं कापड. "मशीनच्या शिक्षणाला चाललीय. तिथल्या कारखान्यात शर्ट-पँट घालावी लागते म्हणे. माप घे."

मायाआत्यानं माप घेतलं. खांदा, बाही, कंबर, पायाची लांबी. दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा टेपवरचे आकडे धड दिसत नव्हते. डोळे भरून आले होते, आणि या वेळी तिनं पदर लावला नाही, वाहू दिले. मग कापडावर खडू टेकवून म्हणाली, "उंची गेल्या वेळेएवढीच आहे. आता थांबली हिची वाढ. पायाला बोटभर माया पुरे, उगाच जड होईल."

"चार ठेव," इस्त्रीवाला म्हणाला.

"अरे, पण आता ती वाढायची नाही."

"ताई, मी कपड्यांत काम करतो, मला शिकवू नकोस." तो टकळीकडे न बघता म्हणाला. "चार बोटं ठेव. माझी पोर अजून वाढायचीय."

मायाआत्यानं खाली चार बोटं मोजून खडूनं रेघ मारली आणि कात्री उचलली.